सोलची दहा पावलं, जूचंद्रची चार

मे महिन्याच्या मध्यावर, भर दुपारी वसई पट्ट्यातल्या जूचंद्र गावच्या चंडिकादेवीच्या टेकडीवर उभं राहिलं तर काही क्षण आपली सावली बरोबर पायाखाली जाते. सूर्य थेट डोक्यावर आलेला असतो. जुलैच्या अखेरीस हे पुन्हा घडतं, पण तेव्हा आभाळ भरलेलं असल्यामुळे कुणाच्या ध्यानात येत नाही. वसईचा पट्टा साधारण १९.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून आपल्याला वर्षातून दोनदा शून्य सावली मिळते. कोरियाची राजधानी सोल साडेसदतीस अंशांवर आहे. तिथे सूर्य डोक्यावर कधीच येत नाही, आणि जानेवारीत पारा शून्याच्या खाली उतरतो. तिथली हिवाळी हवा इतकी कोरडी की चेहऱ्यावर एकावर एक पाणी धरणारे थर चढवल्याशिवाय कातडी ओढल्यासारखी होते.

कोरियन पद्धतीने त्वचेची निगा घरच्या घरी सुरू करण्याआधी हा फरक समजून घ्यावा असं मला फार वाटतं. कारण आज नायगाव-वसईच्या घरांत जी यादी मोबाइलवरून पोहोचते, ती दहा पायऱ्यांची असते: तेलाचं क्लेंझर, फेसवॉश, स्क्रब, टोनर, एसेन्स, सिरम, शीट मास्क, आय क्रीम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. कॉलेजातली मुलगी पॉकेटमनी साठवून त्यातल्या सात-आठ बाटल्या आणते, एकाच आठवड्यात सगळ्या सुरू करते आणि पंधरा दिवसांत कपाळभर पुळ्या येतात. मग एक तर सगळं फेकून दिलं जातं किंवा त्यावर उपाय म्हणून अकरावी बाटली येते.

दहाचा हा आकडा जगभर गेला तो अमेरिकेमार्गे. शार्लट चो या कोरियन वंशाच्या अमेरिकी त्वचासौंदर्य तज्ज्ञ बाईंनी २०१२ मध्ये कोरियन प्रसाधनं विकणारी सोको ग्लॅम ही कंपनी सुरू केली आणि २०१५ मध्ये कोरियन निगेवर पुस्तक लिहिलं. तिथून दहा पायऱ्या मासिकांत आणि व्हिडिओंत शिरल्या. खुद्द कोरियात मात्र २०१८-१९च्या सुमारास पायऱ्या कमी करण्याची टूम निघाली. दोन-तीन चांगल्या वस्तू ठेवा, बाकीच्या गाळा, असं तिथल्या कंपन्याच सांगू लागल्या. त्यामुळे कोरियाकडून घ्यायचा तो क्रम. आधी स्वच्छता, मग पाणी, मग ते पाणी धरून ठेवणारं काही, आणि दिवसा सगळ्यांच्या वर सनस्क्रीन. पातळ आधी, घट्ट नंतर. किती थर लावायचे, हे आपल्या हवेने ठरवावं.

हा क्रम का चालतो ते कातडीच्या सगळ्यात वरच्या पापुद्र्यात कळतं. चेहऱ्यावरचा हा मृत पेशींचा थर मिलिमीटरच्या जेमतेम पन्नासाव्या भागाइतका जाड असतो. त्याची रचना वीटकामासारखी आहे: पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्या मधलं सिमेंट म्हणजे सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं यांचं मिश्रण. आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरचे जंतू-रसायनं आत येऊ द्यायची नाहीत, हे या भिंतीचं काम. तिचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच सुमारे साडेचार ते साडेपाच. शाडे आणि मार्चिओनिनी या जर्मन संशोधकांनी १९२८ मध्ये या आम्लाच्या आवरणाचं वर्णन केलं. साध्या अंगाच्या साबणाचा पीएच नऊ-दहा असतो. त्याने तोंड धुतल्यावर कातडी चरचरीत, ताणलेली लागते आणि आपण म्हणतो, आता स्वच्छ झालं. प्रत्यक्षात मळाबरोबर त्या सिमेंटचाही काही भाग वाहून गेलेला असतो. नायगाव पूर्वेच्या ज्या इमारती टँकरवर किंवा बोअरवेलवर चालतात, तिथे आणखी एक अडचण. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका करतं. बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो तो हाच, आणि तो चेहऱ्यावरही बसतो. साबणाऐवजी कमी पीएचचा, साबणविरहित फेसवॉश घेतला तर हा साका होत नाही. सगळ्या दिनचर्येत इतक्या कमी खर्चात इतका फरक पाडणारा दुसरा बदल मला माहीत नाही.

आता त्या गाजलेल्या दुहेरी स्वच्छतेकडे. आधी तेलाने तोंड धुवायचं आणि मग फेसवॉशने, ही कल्पना पुष्कळांना विचित्र वाटते. तेलकट चेहऱ्याला आणखी तेल? पण नरक चतुर्दशीच्या पहाटे आपण नेमकं हेच करतो: आधी अंगभर तेल, मग उटणं, मग ऊन पाणी. तेलात तेल विरघळतं. कातडीवरचा तेलकट स्राव, त्यात अडकलेली धूळ, न निघणारं काजळ हे पाण्याला दाद देत नाही, तेलाला देतं. मग उटण्यातलं डाळीचं पीठ ते तेल शोषून घेतं. कोरियातही जोसन राजवटीच्या काळात मूग आणि लाल चवळीसारख्या कडधान्यांचं पीठ तोंड धुवायला वापरत. आजच्या क्लेंझिंग ऑइलला बाजारात नाव मिळवून दिलं ते जपानच्या शु उएमुरा यांनी, १९६७ मध्ये.

घरातलं खोबरेल आणि बाटलीतलं क्लेंझिंग ऑइल यांत एक फरक आहे आणि तो तळहातावर दिसतो. खोबरेल चोळून पाणी मारलं तर पाण्याचे थेंब नुसते घरंगळतात. क्लेंझिंग ऑइलमध्ये पायसकारक मिसळलेला असतो. कोरड्या हाताने कोरड्या चेहऱ्यावर ते मिनिटभर हलकेच फिरवावं, नाकपुड्यांच्या बाजूला आणि हनुवटीच्या खोबणीत जरा जास्त वेळ. मग बोटं ओली करून पुन्हा फिरवायची. त्याबरोबर पारदर्शक तेल दुधासारखं पांढरं होतं. तेलाचे बारीक कण पाण्यात पसरले, आता ते धुऊन जातील, याची ही खूण. ही पांढरी पायरी न करता एकदम पाणी मारणाऱ्यांच्या चेहऱ्यावर तेल उरतं आणि चार दिवसांनी पुळ्या दिसतात. दोष तेलाला जातो.

जूचंद्रमध्ये या पायरीला खास अर्थ आहे. हे रांगोळीचं गाव. दिवाळीत इथली प्रदर्शनं पाहायला मुंबईहून माणसं येतात, आणि त्या व्यक्तिचित्रांसाठी कलाकार तासन् तास जमिनीलगत वाकून बसतात. चिमटीतून पांढरी दगडी भुकटी आणि रंगाची पूड सुटत असते, पंखा लावता येत नाही, ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम निथळत असतो. कपाळावरचा घाम त्याच रंगाळलेल्या मनगटाने पुसला जातो. रात्री हा थर काढायला स्क्रब किंवा खरखरीत टॉवेल घेऊन घासणं हा सगळ्यात वाईट मार्ग. दगडाचे कण टोकदार असतात, घासल्याने त्यांचेच ओरखडे उठतात. कोरडी पूड आधी मऊ ब्रशने झटकावी, नुसत्या पाण्याने तोंड धुऊन टिपावं, मग तेल, मग फेसवॉश. पण हे अशाच दिवशी. ज्या दिवशी मेकअप नाही, घट्ट सनस्क्रीन नाही, रंग नाही, त्या दिवशी एकदा सौम्य फेसवॉश पुरे. सकाळी तर कोरड्या त्वचेच्या माणसाने नुसतं पाणी मारलं तरी चालतं.

स्वच्छतेनंतरच्या पाणीदार पायऱ्या, म्हणजे टोनर, एसेन्स आणि रोजचे शीट मास्क, यांवर मी फार वेळ घालवणार नाही. त्यांत बहुतेक पाणी, ग्लिसरीन आणि हायलुरॉनिक आम्लासारखे पाणी धरणारे घटक असतात. सोलच्या जानेवारीत त्यांचं मोल आहे. जूचंद्रच्या जुलैत हवाच पाण्याने भरलेली असते. चेहरा किंचित ओला असतानाच पुढचं लावलं की काम भागतं.

सिरम ही पायरी मात्र डोळसपणे निवडण्यासारखी आहे, कारण खरं औषधी काम करणारे घटक इथे असतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेची मोठी तक्रार सुरकुत्यांची नसते, डागांची असते. मुरुम बसतो, डास चावल्याचं बरं होतं, भाजल्याची खपली पडते, आणि मागे काळा डाग महिनोन् महिने राहतो. आपल्या रंगपेशी सतर्क असतात आणि कुठेही दाह झाला की जास्त रंगद्रव्य ओततात. अशा डागांवर नायसिनामाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचं एक रूप, उपयोगी पडतं. रंगपेशींत तयार झालेल्या रंगाच्या पुड्या शेजारच्या पेशींत पोचवण्याचं काम ते मंदावतं. कोरियाच्या नियमांत हा घटक २ ते ५ टक्के असेल तर त्या वस्तूला उजळपणाचा दावा करता येतो. बाजारात दहा-पंधरा टक्क्यांच्या बाटल्या मिळतात. त्यांनी कुणाकुणाचा चेहरा लाल होतो आणि त्या लालीतून नवे डाग उठतात. पाच टक्के घ्यावं आणि तीन महिने थांबावं. पेशींचा खालून वर येण्याचा एक फेरा तरुणपणी साधारण चार आठवड्यांचा असतो, पुढे तो लांबत जातो. आठ दिवसांत फरक दाखवणाऱ्या वस्तूचा आनंद मानू नये, तिचा संशय घ्यावा.

दुसरा घटक आपल्या बांधावरचा आहे. कोरियन डब्यांवर ‘सिका’ किंवा ‘सेंटेला’ लिहिलेलं असतं ती वनस्पती म्हणजे मंडूकपर्णी, कोकणातली कारिवणा. ओलसर बांधावर, विहिरीच्या कडेला जमिनीलगत पसरणारी, वाटोळ्या पानांची. पुष्कळ ठिकाणी तिलाच ब्राह्मी म्हणतात आणि डोक्याच्या तेलात घालतात. जखम भरून यायला मदत करणारी म्हणून ती आयुर्वेदाला ठाऊक होती, मादागास्करमध्ये वापरात होती, आणि कोरियात तिच्या अर्काचं जखमेवरचं मलम गेली कित्येक वर्षं औषधाच्या दुकानांत मिळतं. तिच्यातला मॅडेकॅसोसाइड हा घटक दाह शमवतो. मुरुमाच्या औषधांनी किंवा उन्हाने चेहरा चुरचुरत असेल त्यांनी सिका क्रीम ठेवावं. बांधावरचा पाला वाटून मात्र तोंडाला फासू नये. बाटलीतला अर्क शुद्ध करून, मोजून घातलेला असतो, पाल्याबरोबर मातीतले जंतूही येतात. लिंबाच्या बाबतीत तर हे ठणकावून सांगायला हवं. लिंबाचा रस पीएच दोनच्या आसपासचा, आणि लिंबाच्या जातीच्या फळांत अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येऊन काळे चट्टे पडतात. हळदी-समारंभाआधी नवरीच्या चेहऱ्याला कुणी लिंबू चोळत असेल तर त्याला तिथेच अडवावं.

मॉइश्चरायझरबद्दल दोनच गोष्टी. तेलकट चेहऱ्यालाही तो लागतो, फक्त जेल किंवा पातळ लोशनच्या रूपात. आणि ज्यांना छाती-पाठीवर दर पावसाळ्यात शिबं उठतात, त्यांनी चेहऱ्यावर घट्ट तेलं टाळावीत. शिबं ज्या बुरशीमुळे येतात ती तेलातल्या मेदाम्लांवर जगते आणि कपाळावर खाजऱ्या, एकसारख्या बारीक पुळ्यांच्या रूपाने वर येते. त्यांना मुरुम समजून आणखी क्रीम लावलं की त्या वाढतात.

आता ती पायरी जिच्यासाठी बाकीच्या सगळ्या सोडल्या तरी चालतील. मिठागरात पाठीवर ऊन घेत काम करणारे, शेतात लावणी करणारे, नायगावहून लोकल धरून नोकरीला जाणारे, सगळ्यांच्या चेहऱ्यावर वर्षभर जे ऊन पडतं, त्यातले अतिनील किरण दोन प्रकारचे असतात. यूव्हीबी भाजतात. यूव्हीए खोलवर जातात, डाग गडद करतात आणि खिडकीच्या काचेतूनही येतात. डब्यावरचा एसपीएफ हा मुख्यतः पहिल्यांविरुद्धचा आकडा आहे. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के किरण अडवतो, एसपीएफ ५० सुमारे ९८. म्हणजे या दोहोंतला फरक किरकोळ आहे. यूव्हीएसाठी जपानमधून आलेली पीए ही खूण पाहावी, तीन किंवा चार अधिक चिन्हं असलेली.

खरी गफलत मात्रेत होते. हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून काढलेले असतात. चेहरा आणि गळ्यासाठी त्याचा हिशेब तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत काढलेल्या दोन रेघांइतका होतो. आपण लावतो वाटाण्याएवढं. तेवढ्याने डब्यावर पन्नास लिहिलेलं संरक्षण प्रत्यक्षात फार खाली येतं. पन्नास ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावून साधारण दीड महिन्यात संपायला हवी. ती सहा महिने पुरत असेल तर आपण सनस्क्रीन लावतच नाही असं धरावं. महागडी कोरियन ट्यूब पुरवून पुरवून वापरण्यापेक्षा परवडणारी भारतीय ट्यूब भरपूर वापरावी, हे माझं ठाम मत आहे. कोरियन सनस्क्रीन पातळ आणि चांगल्या लागतात हे खरं, पण घामाने वाहून न जाण्याची परीक्षा त्यांतल्या सगळ्यांनी दिलेली नसते. उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावं, आणि टोपी, ओढणी, छत्री यांना कमी लेखू नये. वांग असणाऱ्यांनी रंगाची झाक असलेलं सनस्क्रीन निवडावं. त्यातलं लोहाचं ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि सावळ्या त्वचेचे डाग त्या प्रकाशानेही गडद होतात.

इथे एका धोक्याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे. ‘काचेसारखी त्वचा’ हे कोरियन आकर्षण आपल्याकडे येताच त्याला गोरेपणाची जुनी हाव चिकटते. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबाची हकिकत वर्तमानपत्रांत आली. एक तरुण मुलगी, तिची आई आणि बहीण एकच उजळपणाचं क्रीम वापरत होत्या, आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांना संशय आला, क्रीम तपासलं गेलं आणि त्यात पारा सापडला. पारा रंगद्रव्य तयार करणाऱ्या विकराला अडवतो, म्हणून चेहरा झपाट्याने उजळतो. पण तो कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडांत साठतो. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये नकळत राहिलेला पारा दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये. दुसरा शत्रू स्टिरॉइड. खाज, मुरुम आणि गोरेपणा या सगळ्यांवर एकच म्हणून मेडिकलमधून आणलेली तिहेरी मलमं आठवड्यात चेहरा तुकतुकीत करतात, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि मलम थांबवलं की आग होते म्हणून ते थांबवताच येत नाही. अशी कितीतरी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये केला. तरी ती पार्लरच्या ‘स्पेशल क्रीम’मध्ये मिसळलेली सापडतात. म्हणून बिनलेबलाच्या डबीतलं काहीही चेहऱ्याला लावू नये, मग देणारी कितीही जवळची ताई असो. परदेशी वस्तूवर आयातदाराचं नाव, पत्ता आणि आयात नोंदणीचा क्रमांक हवा. तारीख वाचताना लक्षात ठेवावं की कोरियात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितात.

घरी सुरुवात करायची तर पहिला महिना तीनच वस्तू: सौम्य फेसवॉश, हलकं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. त्या निभावल्या की चौथी म्हणून एकच सिरम. प्रत्येक नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे चार-पाच दिवस लावून पाहावी, आणि दोन नव्या वस्तूंमध्ये किमान तीन आठवड्यांचं अंतर ठेवावं, म्हणजे पुळी आली तर कुणामुळे आली ते कळेल. रेटिनॉल घ्यायचंच असेल तर रात्री, आठवड्यातून दोनदा, आणि गरोदरपणात किंवा मूल होण्याचा विचार असताना अजिबात नाही. क जीवनसत्त्वाचं सिरम तपकिरी झालं की ते हवेने खराब झालं, टाकून द्यावं. आपल्या उकाड्यात बाटल्या न्हाणीघरातल्या खिडकीत ठेवू नयेत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात.

ऋतू बदलला की यादी बदलावी. जून ते सप्टेंबर रात्री नुसता फेसवॉश आणि जेल पुरे, सनस्क्रीन मात्र ढगांतही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे खाडीवरून गार वारा येतो तेव्हा सिरामाइडचं घट्ट क्रीम आणि हवं तर तो टोनरही काढावा, तेव्हा तो खरंच कामाला येतो. मुरुमांच्या गाठी दुखत असतील, वांग पसरत असेल किंवा गजकर्णाचा चट्टा असेल, तर यांतलं काहीही न करता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं, आणि जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या-डब्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात. आजवर चेहऱ्याला काय काय लागलं आहे, हे डॉक्टरांना त्या पिशवीतून लवकर कळतं.